देऊळ तेच, धर्मप्रांत दुसरा: चर्चचा कारभार चालतो तरी कसा?

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत बाप्तिस्म्याचे दोन जुने दाखले आहेत. एक दादाचा, १९७८ चा. दुसरा माझा, १९८८ चा. गाव एकच, नेवासा तालुक्यातलं. देऊळही एकच. आमच्याकडे ख्रिस्ती माणूससुद्धा चर्चला देऊळच म्हणतो. ज्या दगडी कुंडावर दादाच्या डोक्यावर पाणी घातलं, त्याच कुंडावर माझ्याही. तरी दादाच्या दाखल्यावर ‘पुणे धर्मप्रांत’ छापलंय आणि माझ्या दाखल्यावर ‘नाशिक धर्मप्रांत’. लहानपणी मला ती छापखान्याची चूक वाटायची.

ती चूक नव्हती, हे कळायला बरीच वर्षं गेली. आणि २०२५ मध्ये या विषयावर मला इतक्या जणांनी विचारलं, की एकदा नीट लिहायचं ठरवलं. पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईला नेमणूक झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते मुंबईचे आर्चबिशप झाले. एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले, ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. टीव्हीवर सिस्टीन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीत प्रश्न सुरू झाले. “तुमचे बिशप मुंबईला गेले, म्हणजे प्रमोशन ना?” “मग आता पुण्याचे बिशप मुंबईच्या हाताखाली का?” “पोपने सही केल्याशिवाय इथं पानही हलत नसेल ना?”

तिन्ही प्रश्नांत थोडं खरं आहे आणि बरंच चुकीचं. मला जास्त लागतं ते हे, की रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणाऱ्या आमच्या माणसांनाही यातलं फारसं ठाऊक नसतं. ज्या घरात आपण राहतो त्याचा उंबरा कुठं आणि मागचं दार कुठं, हे माहीत नको का?

मुळात धर्मप्रांत म्हणजे काय?

इंग्रजीतला ‘डायोसिस’ हा शब्द ग्रीक भाषेतून आला. त्या शब्दाच्या पोटात ‘घर’ आहे. अर्थ होतो घरकारभार. रोमन सम्राट डायोक्लेशियनने साम्राज्याचे जे मोठे विभाग पाडले, त्यांना हेच नाव होतं. म्हणजे सुभा म्हणा. पुढं साम्राज्य गेलं, सुभेदार गेले आणि नाव चर्चकडे राहिलं. मराठीत आपण त्याला धर्मप्रांत म्हणतो. एका बिशपच्या देखरेखीखाली असलेला, सीमा आखलेला प्रदेश आणि त्यातली ख्रिस्ती माणसं मिळून एक धर्मप्रांत.

‘बिशप’ हा शब्दही ग्रीकच. अर्थ अगदी साधा: वरून लक्ष ठेवणारा, देखरेख करणारा. आणि ‘कॅथेड्रल’ म्हणजे सर्वांत मोठं चर्च, असं अनेकांना वाटतं, तेही खरं नाही. कॅथेड्रा म्हणजे खुर्ची. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल, मग ते आकाराने लहान का असेना. मराठी माणसाला हे समजायला जड नाही. मठाची गादी असते, फडाची गादी असते. माणूस जातो, गादी राहते. पुण्याच्या कॅथलिक धर्मप्रांताची गादी रेसकोर्सजवळच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये आहे. हे चर्च १८५० चं. लष्करातल्या आयरिश शिपायांसाठी बांधलेलं, म्हणून आयर्लंडच्या संताचं नाव.

धर्मप्रांताचे लहान भाग म्हणजे धर्मग्राम. एक चर्च, एक प्रमुख धर्मगुरू आणि त्या हद्दीतली कुटुंबं. वसईकडे हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, पुण्यात आपण सरळ पॅरिश म्हणतो.

शाखा नव्हे, विरजण

इथं पहिला गैरसमज येतो. लोकांच्या डोळ्यांसमोर बँक असते. रोमला मुख्य कार्यालय, मुंबईला विभागीय कार्यालय, पुण्याला शाखा, आणि बिशप म्हणजे शाखाधिकारी.

कॅथलिक चर्चची स्वतःची शिकवण तशी नाही. प्रत्येक धर्मप्रांत हे त्या जागेपुरतं पूर्ण चर्च मानलं जातं. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६० च्या दशकात हे स्पष्टच लिहिलं, की बिशपांना पोपचे मुनीम समजू नये. त्यांचा अधिकार त्यांचा स्वतःचा आहे. तो पोपशी एकोप्यात वापरायचा, एवढंच बंधन.

मला याची सगळ्यात चपखल उपमा विरजणाची वाटते. एका घरचं चमचाभर विरजण दुसऱ्या घरी नेऊन दुधात लावलं, तर तिथं पहिल्या घरच्या दह्याचा तुकडा तयार होत नाही. पूर्ण दही लागतं. चव मात्र त्याच वळणाची. नवा बिशप होताना हेच होतं. आधीचे बिशप, नियमाप्रमाणे निदान तिघे, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. त्या तिघांना दुसऱ्या बिशपांनी हात ठेवलेला असतो, त्यांना आणखी कुणी. ही साखळी येशूच्या प्रेषितांपर्यंत जाते, अशी श्रद्धा आहे. एका बिशपऐवजी तिघे का? तर कुणा एकाच्या मर्जीने बिशप होऊ नये, शेजारच्या चर्चांची साक्ष असावी, म्हणून.

याचा परिणाम व्यवहारात मोठा आहे. कुठल्या फादरची बदली कुठं करायची, नवा धर्मग्राम कुठं काढायचा, एखादी शाळा सुरू करायची का, हे पुण्यातच ठरतं. रोमला विचारावं लागत नाही.

रजिस्टरातली एक ओळ

हे सगळं हवेतलं वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगते. माझ्या चुलतबहिणीचं लग्न पुण्यात ठरलं. वडगाव शेरीच्या बाजूला राहतो आम्ही. फादरांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, आणि तोही नव्याने काढलेला, सहा महिन्यांच्या आतला. बहीण वैतागली. “बाप्तिस्मा काय दरवर्षी बदलतो का? जुना दाखला आहे ना घरात.”

दाखला काढायला मी आणि ती गावी गेलो. फादरांनी कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं. कापडी पुठ्ठा, कडा झिजलेल्या, आतल्या शाईचा रंग तपकिरी झालेला. १९९८ चं पान निघालं. एका ओळीत तिचं नाव, आईवडिलांचं नाव, धर्ममातेचं नाव, फादरांची सही. आणि शेजारी एक रिकामा रकाना. फादरांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “तुझं लग्न झालं की पुण्याहून आम्हाला कळवतील, मग इथं लिहायचं. हा रकाना रिकामा आहे, म्हणजे तुझं चर्चमध्ये आधी लग्न झालेलं नाही. म्हणून ताजा दाखला लागतो.”

मी त्याच पानावर वरच्या ओळी पाहिल्या. कुणाच्या रकान्यात मुंबईचं चर्च, कुणाच्या रकान्यात औरंगाबादचं, एकीच्या नावापुढं दुबई. जगात कुठंही लग्न होवो, खबर त्या गावच्या रजिस्टरात परत येते. पानांच्या मधे एका जागी वेगळ्या शाईत सही आणि तारीख होती. बिशप भेटीला आले तेव्हा रजिस्टर तपासल्याची ती खूण.

चर्चचा कारभार मला त्या दिवशी खरा कळला. बिशपने दर पाच वर्षांत निदान एकदा सगळा धर्मप्रांत फिरून पाहिला पाहिजे, असा नियम आहे. या भेटीत तो दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पक्की करण्याचा, विधी करतो, मुलांशी बोलतो, आजाऱ्यांच्या घरी जातो. आणि रजिस्टरं उघडून बघतो. फुलांच्या कमानी आणि लेझीम आपल्या लक्षात राहतात. खरं काम त्या रजिस्टरांवरून बोट फिरवताना होतं.

बिशपच्या हाताशी मदतीला माणसं असतात. व्हिकार जनरल म्हणजे बिशपच्या वतीने रोजचा कारभार पाहणारा धर्मगुरू. चान्सलर कागदपत्रं सांभाळतो. चर्चच्या न्यायालयाचा एक प्रमुख असतो. विवाह मुळातच वैध होता की नाही, अशा अर्जांचा निवाडा तिथं होतो. आणि एक अर्थसमिती असते, तिच्याकडे पुढं येऊ.

मग मुंबईचे आर्चबिशप पुण्याच्या बिशपचे साहेब का?

नाहीत. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला.

जवळपासचे काही धर्मप्रांत मिळून एक गट होतो. त्यातल्या प्रमुख धर्मप्रांताला महाधर्मप्रांत आणि त्याच्या बिशपला आर्चबिशप म्हणतात. पुणे, नाशिक आणि वसई हे मुंबईच्या गटात येतात. पण मुंबईचे आर्चबिशप पुण्यातल्या फादरची बदली करू शकत नाहीत, पुण्याच्या तिजोरीला हात लावू शकत नाहीत, पुण्याच्या बिशपला कारणे दाखवा नोटीस पाठवू शकत नाहीत.

वाटण्या झालेल्या घरातला थोरला भाऊ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक भावाची चूल वेगळी, शेत वेगळं, सातबारा वेगळा. थोरल्याचा मान आहे. लग्नकार्यात त्याला पहिलं पान. पण धाकट्याने पेरणीला काय घ्यावं, हे तो ठरवत नाही. मात्र धाकट्याच्या घरात काही भलतंच चाललंय असं दिसलं, तर वडिलांना कळवणं ही त्याचीच जबाबदारी. आर्चबिशपचं नेमकं हेच काम आहे. श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जाते का, यावर नजर ठेवायची, गैर दिसलं तर पोपना कळवायचं.

‘कार्डिनल’ हा तर कारभारातला थरच नाही. तो मान आहे, आणि त्यासोबत एक मोठं काम: पोप निवडणं. तेही वयाची ८० वर्षं पूर्ण होईपर्यंतच. मुंबईचे निवृत्त आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस डिसेंबर २०२४ मध्ये ८० वर्षांचे झाले, म्हणून मे २०२५ च्या निवडणुकीत त्यांना मत नव्हतं. कार्डिनल मात्र ते आजही आहेतच.

तर सोसायटीतल्या काकांना माझं उत्तर असं: पुण्याहून मुंबईला जाणं म्हणजे मान वाढला, जबाबदारी वाढली. पण मुंबईत बसून पुण्याचा कारभार हाकता येत नाही.

बिशप निवडतं कोण?

कॅथलिक चर्चमध्ये शेवटचा शब्द पोपचा. तिथपर्यंतची वाट मात्र लांब आणि गुप्त असते. गटातले बिशप वेळोवेळी आपल्याला योग्य वाटणाऱ्या धर्मगुरूंची नावं कळवत असतात. गादी रिकामी होणार असं दिसलं, की दिल्लीतले पोपचे राजदूत, ज्यांना नुन्सिओ म्हणतात, चौकशी सुरू करतात. त्या माणसाला ओळखणाऱ्या धर्मगुरूंना आणि काही सामान्य लोकांनाही पत्रं जातात: हा माणूस कसा आहे, पैशाच्या बाबतीत चोख आहे का, लोकांत मिसळतो का, भाषा येते का. उत्तर देणाऱ्याने याबद्दल कुणाशी बोलायचं नसतं. शेवटी तीन नावं रोमला जातात. भारतातल्या लॅटिन, म्हणजे रोमन परंपरेच्या, धर्मप्रांतांचं काम रोममधलं सुवार्ताप्रसाराचं खातं पाहतं. १६२२ मध्ये सुरू झालेल्या जुन्या खात्याचं हे आजचं रूप. तिथून कागद पोपसमोर.

बिशप ७५ वर्षांचे झाले की राजीनामा द्यावा लागतो. तो लगेच स्वीकारायचा की थांबायचं, हे पोप ठरवतात. पुण्यात बिशप थॉमस डाबरे यांच्यानंतर २०२३ मध्ये बिशप रॉड्रिग्ज आले. डाबरे मूळचे वसईचे, मराठीत लिहिणारे, आधी वसईचे पहिले बिशप आणि २००९ पासून पुण्याचे. मराठीत विचार करणारा बिशप मिळणं, हे आमच्यासारख्या नगरकडच्या कुटुंबांसाठी किती मोठं होतं, ते शब्दांत सांगता येत नाही. आजी म्हणायची, “आता प्रवचन कळतंय गं.”

आणि गादी रिकामी असताना? धर्मगुरूंचं एक सल्लागार मंडळ असतं, सहा ते बारा जणांचं. त्यांनी आठ दिवसांच्या आत एक प्रशासक निवडायचा. हा प्रशासक रोजचा कारभार चालवतो, पण नवं काही सुरू करू शकत नाही. नियमच आहे: गादी रिकामी असताना काही बदलायचं नाही. घरधनी गावाला गेला असताना भिंत पाडायची नाही, तसं.

पुण्याने याहून कठीण काळ पाहिला आहे. इथले दुसरे बिशप हेन्री डोरिंग जर्मन होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला जर्मन मिशनरी इथं नको होते. बिशप डोरिंग वर्षानुवर्षं परतू शकले नाहीत. १९२१ मध्ये पोपनी त्यांना चक्क जपानमध्ये, हिरोशिमाला पाठवलं. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याच्या गादीवर आले आणि १९४८ पर्यंत राहिले. बिशपची नेमणूक कागदावर कितीही धार्मिक असली, तरी पासपोर्ट सरकारच्या हातात असतो.

सीमा का बदलतात?

आता माझ्या आणि दादाच्या दाखल्यांचं कोडं.

एका माणसाने लक्ष ठेवायचं, तर प्रदेश त्याच्या आवाक्यातला हवा. हे नेहमी जमलं नाही. इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चचं भारतातलं पहिलं धर्मप्रांत १८१४ मध्ये कलकत्त्याला झालं. त्याची हद्द सबंध हिंदुस्थान, आणि काही वर्षं तर ऑस्ट्रेलियाही त्यातच. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च १८२५ मध्ये पवित्र करायला बिशप रेजिनल्ड हेबर आले, ते कलकत्त्याचे बिशप होते. रेल्वे नव्हती. जहाज, घोडा, पालखी. पुढच्याच वर्षी दौऱ्यावर असताना त्रिचनापल्लीला त्यांचा मृत्यू झाला. एवढी हद्द एका माणसाच्या अंगावर टाकण्यात शहाणपण नव्हतं. १८३५ मध्ये मद्रास आणि १८३७ मध्ये मुंबई वेगळी झाली.

कॅथलिक बाजूला १ सप्टेंबर १८८६ रोजी, पोप लिओ तेराव्यांच्या काळात, पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. तेव्हा नगर आणि नाशिकपासून तळकोकणापर्यंतचा मोठा पट्टा त्यात होता. १९८७ मध्ये नाशिक वेगळं झालं आणि आमचा नगर जिल्हा, आत्ताचा अहिल्यानगर, तिकडे गेला. दादा १९७८ चा, मी १९८८ ची. कोडं सुटलं. देऊळ जागचं हललं नाही. शंभर वर्षांत हद्दीची रेघ तेवढी सरकली. २००५ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला, आणि तो आता मुंबईच्या नाही, गोव्याच्या गटात आहे. मुंबईतून वसई १९९८ मध्येच निघालं होतं.

जिल्ह्याचं विभाजन झालं की कचेरी जवळ येते, तसंच इथं. नेवाशाहून पुण्याला बिशपला भेटायला जाणं आणि नाशिकला जाणं, अंतरात फार फरक नसेल. पण नगरच्या लोकांकडे ज्याचं पूर्ण लक्ष आहे, असा माणूस मिळाला.

एकाच पुण्यात इतके बिशप कसे?

आत्तापर्यंत मी ‘एका प्रदेशाला एक बिशप’ म्हणत आले. पुण्यात हे चालत नाही, आणि इथंच बाहेरचा वाचक गोंधळतो.

कॅथलिक चर्च ही प्रत्यक्षात चोवीस चर्चांची कुटुंबव्यवस्था आहे. त्यातलं लॅटिन सर्वांत मोठं, आणि पूर्वेकडच्या परंपरांची तेवीस. पोप सर्वांचे एकच. उपासनेची पद्धत आणि कारभाराचे नियम वेगळे. केरळातून पुण्यात आलेल्या कुटुंबांपैकी बरीच सिरो-मलबार किंवा सिरो-मलंकारा चर्चची आहेत. सिरो-मलबारांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत झाला, पुणे त्याच्या हद्दीत. सिरो-मलंकारांची तर गादीच पुण्यात, खडकीला. २०१५ मध्ये सुरुवात झाली आणि २०१९ मध्ये तिला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. म्हणजे खडकीतल्या एकाच गल्लीत तीन कॅथलिक घरं असतील आणि तिघांचे बिशप वेगळे. तिन्ही रोमशी जोडलेले, एकमेकांच्या हाताखाली कुणीच नाही.

याहून जुनी आणि कडवट अशी एक दुहेरी सत्ताही होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चांवर बिशप नेमण्याचा जुना हक्क होता, पाद्रोआदो म्हणतात त्याला. पुढं रोमने स्वतःच्या खात्यामार्फत थेट माणसं पाठवायला सुरुवात केली. मुंबईत शेजारशेजारची चर्चेस वेगवेगळ्या मालकांची झाली. एका वाड्यात दोन कारभारी. हे १९२८ पर्यंत चाललं. पुण्यात नाना पेठेतलं सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवर उभं राहिलं, पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर-पोर्तुगीज ख्रिस्ती शिपायांसाठी. कॅम्पातलं सेंट पॅट्रिक्स इंग्रजांच्या फौजेतल्या आयरिशांसाठी. दोन फौजा, दोन चर्चेस. आज दोन्ही एकाच धर्मप्रांतात आहेत.

आणि मग येतात प्रोटेस्टंट. माझं आजोळ सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन हे तयार झालं. त्यातल्या अँग्लिकनांना बिशपची सवय होती. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांना नव्हती. त्यांच्याकडे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहायची, वर कुणी बिशप नाही. कवी नारायण वामन टिळक याच मिशनमध्ये काम करत होते. १९७० नंतर या मंडळ्यांना पहिल्यांदा बिशप मिळाले. माझे आजोबा म्हणत, “आम्ही बिशप स्वीकारला, पण पंचांचा हात सोडला नाही.”

ते अगदी खरं होतं. सीएनआयमध्ये धर्मप्रांताची परिषद असते, तिच्यात पाळक असतात आणि मंडळ्यांनी निवडून दिलेले सामान्य लोकही. बिशपच्या निवडीत तिचा वाटा असतो. सर्वांत वर सिनड, म्हणजे सर्व धर्मप्रांतांच्या प्रतिनिधींची सभा, आणि तिचा निवडलेला प्रमुख म्हणजे मॉडरेटर. तो पोप नव्हे. त्याची मुदत संपते आणि दुसरा निवडला जातो. स्त्रिया पाळक होऊ शकतात. दक्षिणेतल्या भावंड चर्चमध्ये, सीएसआय म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये, २०१३ मध्ये पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशपही झाल्या.

सीएनआयच्या पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल गुरुवार पेठेत आहे, पंचहौद मिशनच्या आवारात. तेच पंचहौद, जिथं १८९० मध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळी चहाच्या कार्यक्रमाला गेली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे धर्म मोडल्याच्या आरोपाचा आणि बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. तो वाद शेवटी शंकराचार्यांपर्यंत गेला. धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, चौकशी कुणी करायची, प्रायश्चित्त कुणी द्यायचं, हे प्रश्न फक्त ख्रिस्ती लोकांचे नाहीत. पुण्याच्या पेठांनी ते फार जवळून पाहिलेत.

मेथॉडिस्ट, मार्थोमा, ऑर्थोडॉक्स यांचेही बिशप आहेत आणि त्यांची घडी आणखी वेगळी आहे. केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन कुणा बिशपच्या हाताखाली वाढलं नाही. आणि बिशपला न मानणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या तर आज शहरात जागोजागी आहेत.

“जमिनी तर बिशपच्याच नावावर ना?”

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा आवाज खाली आणतो. मोकळेपणाने बोलू.

चर्चची मालमत्ता बिशपची खासगी नसते. महाराष्ट्रात ती नोंदणीकृत सार्वजनिक न्यासांच्या नावे असते आणि १९५० चा सार्वजनिक न्यास कायदा तिला लागू आहे. कलम ३६ प्रमाणे अशा न्यासाची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मंदिराच्या न्यासाला जे बंधन, तेच चर्चच्या न्यासाला. शिवाय कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे, कॅनन लॉ. आत्ताची संहिता १९८३ ची, १७५२ कलमांची. तिच्याप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांताला अर्थसमिती असलीच पाहिजे, तिच्यात पैशाचे आणि कायद्याचे जाणकार निदान तीन जण हवेत. ठरावीक रकमेच्या वरची मालमत्ता विकायची तर अर्थसमिती आणि सल्लागार मंडळ दोघांची संमती लागते, आणि रक्कम फार मोठी असेल तर रोमचीही. नुसता सल्ला पुरत नाही, संमती लागते. ती नसेल तर व्यवहार चर्चच्या कायद्याने गैर.

“मग वाद कोर्टात का जातात?” कारण नियम असणं आणि नियम वापरणारी माणसं जागी असणं, या दोन गोष्टी आहेत. अर्थसमितीत होयबा भरले, तर समिती कागदावरच राहते. आमच्या ओळखीतल्या एका धर्मग्रामात हिशेब वर्षभर फलकावर लागला नाही आणि कुणी विचारलंही नाही. विचारणं म्हणजे अपमान, असं लोकांना वाटलं. मला ते फार लागलं.

“दानपेटीतला पैसा रोमला जातो का?” रविवारचा पैसा धर्मग्रामात आणि धर्मप्रांतातच वापरला जातो. वर्षातल्या काही ठरावीक दिवसांची वर्गणी, उदाहरणार्थ ऑक्टोबरमधल्या मिशन रविवारची, जगभरातल्या गरजू धर्मप्रांतांसाठी रोमला जाते. आणि भारतातल्या कितीतरी धर्मप्रांतांना तिथूनच मदत मिळत आली आहे.

बिशपचंच चुकलं तर?

पाच वर्षांतून एकदा प्रत्येक बिशपने रोमला सविस्तर अहवाल द्यायचा असतो आणि स्वतः तिथं जाऊन पोपना भेटायचं असतं. पीटर आणि पॉल यांच्या थडग्यांवर प्रार्थना करून मग एकेका खात्यात बसायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. पण अहवाल लिहिणारा स्वतः बिशपच. आपल्या चुका माणूस किती लिहील?

ही उणीव चर्चला फार महागात पडली, विशेषतः मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं जगभर दाबली गेली तेव्हा. हे लाजिरवाणं होतं आणि ते तसंच म्हटलं पाहिजे. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला. बिशपविरुद्ध अशी तक्रार आली, किंवा त्याने तक्रार दाबली असा आरोप झाला, तर रोमच्या संमतीने आर्चबिशपने प्राथमिक चौकशी करायची, आणि तीही ठरलेल्या मुदतीत. धर्मगुरू आणि मठवासीयांना अशी गोष्ट कळली तर कळवणं बंधनकारक झालं. थोरल्या भावाच्या हातात पहिल्यांदाच खरं काम आलं. देशाचा कायदा याच्या वर आहेच. पोक्सोखालचा, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा, गुन्हा पोलिसांना कळवण्यापासून कुठलाच चर्चचा नियम सूट देत नाही.

सामान्य माणसाला यात काय जागा?

कॅथलिकांमध्ये, खरं सांगायचं तर, कमी. प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती सक्तीची आहे. पॅरिश कौन्सिल मात्र बिशपला योग्य वाटलं तर, आणि तिचं मत सल्ल्यापुरतंच. माझ्या आजोळी पंच मतदान करतात, माझ्या माहेरी सल्ला देतात. या बाबतीत आजोळचं बरोबर, असं मला मनापासून वाटतं. रोमच्या सिनडमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा सामान्य लोकांनी, आणि त्यात स्त्रियांनीही, मत दिलं. ते खाली धर्मग्रामापर्यंत कधी पोहोचेल, याची मी वाट पाहते आहे.

तोवर जे हातात आहे ते वापरावं. कॅनन लॉचं २१२ वं कलम सांगतं, की चर्चच्या भल्याबद्दल आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क आहे, आणि कधी कधी कर्तव्यही. बिशप भेटीला येतात तेव्हा लोकांशी बोलण्याची वेळ ठेवलेली असते. तिथं हार घालून परत येऊ नका. हिशेब फलकावर का नाही, मराठी मिस्साची वेळ का बदलली, दफनभूमीत जागा उरली आहे का, हे विचारा.

चुलतबहिणीचं लग्न फेब्रुवारीत झालं. एप्रिलमध्ये गावाहून फादरांचा फोन आला: पुण्याचं पत्र मिळालं. त्यांनी रजिस्टराच्या पानाचा फोटोही पाठवला. तपकिरी शाईच्या ओळीशेजारी, त्या रिकाम्या रकान्यात, ताज्या निळ्या शाईत नवऱ्याचं नाव, तारीख आणि पुण्याच्या चर्चचं नाव होतं.